परवानगीवाली रेहाना

कंपनीत माझी सगळ्यांशी भांडणं झाली. ठेकेदाराशी झाली, कँटीनवाल्याशी झाली, बसच्या ड्रायव्हरांशी तर रोजची. ती सगळी मी जिंकलो. रेहाना मुलाणीशी झालेली मात्र एकजात हरलो, आणि तरी लिहायची वेळ आली तेव्हा तीच डोळ्यांपुढं आली. लोक म्हणतील नाना म्हातारा झाला. व्हय, झालोय. पण चौथी पास माणसानं कुणावर लिहायचं, ह्याची परवानगी अजून तरी कुणाच्या हातात गेलेली न्हाई. गेली असती तर ती रेहानाच्याच हातात गेली असती, आणि तिनं ती मला दिली नसती.

आमची कंपनी चाकणच्या अलीकडं, हायवेवरून आत वळलं की. मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढते. जिथं आता कारखान्याचं रंगकामाचं शॉप आहे तिथं आमचा भुईमूग असायचा. जमीन गेली, तिच्या बदल्यात नोकरी आली, आणि होता होता मी कंपनीच्या बसेसचा सुपरवायझर झालो. कुठली बस निगडीला, कुठली आळंदीला, कोण उशिरा आला, कोण खिडकीतून थुंकला, सगळं माझ्याकडं.

पूर्वी निरोप द्यायचा म्हणजे गेटवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. मग फोनवरचे फुकटचे ग्रुप आले. त्यात शिफ्ट बदलल्याचा निरोप टाकला की त्याच्या डोक्यावर गुलाबाची फुलं, देव, वाढदिवसाचे केक असं सगळं येऊन पडायचं आणि शिफ्ट खाली गाडली जायची. म्हणून कंपनीनं निरोपाची एक सोय भाड्यानं घेतली. ती कुठं ठेवलीय असं विचारलं की ऑफिसातली पोरं वर बोट करायची. क्लाउडवर आहे म्हणायची. मी वर बघितलं. पत्र्याखाली कबुतरं बसलेली.

ह्या सोयीत एक गोष्ट होती. कुणी काय वाचायचं, कुणी कुठं लिहायचं, कुणी कुणाला आत घ्यायचं, कुणी पुसायचं, ह्या प्रत्येकाची परवानगी वेगवेगळी द्यायला लागायची. आणि ती देणारी एकच, काचेच्या खोलीतली रेहाना.

चाकणच्या बाजारामागं इस्माईलभाईंचं गॅरेज आहे, त्यांची ही मुलगी. माझा ट्रॅक्टर त्यांच्या गॅरेजात जितका राहिला तितका माझ्या शेतात राहिला न्हाई, त्यामुळं हिला मी फ्रॉकातली असल्यापासून ओळखतो. टायपिंगला म्हणून कंपनीत आली, कॉम्प्युटरची एकेक परीक्षा देत वर चढली, आणि सगळी कंपनी तिला मॅडम म्हणायला लागली. तोंडावर मॅडम. माघारी परवानगीवाली. अंगानं बारीक, अंगावर पंजाबी ड्रेस, आणि पायात पुरुषांचे लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट, कारण दिवसातून दहादा शॉपमध्ये फेरी मारायची सवय. ती येतीय हे बुटांवरून कळायचं. बायका म्हणायच्या, घोडी आली.

टेबलाच्या खणात भडंग. मागणाऱ्याचं काम होणार असलं तर ती मान खाली घालून कॉम्प्युटरवर बोटं चालवायची, बोलायचीसुद्धा नाही. काम होणार नसलं तर खण उघडायची आणि भडंगाचा डबा पुढं करायची. डबा आला की माणसानं समजून जायचं. आमचा स्टोअरवाला म्हणायचा, "मॅडमकडं गेलं की पोट भरतं राव, पण हात रिकामा."

पहिली मूठ मीच खाल्लेली आहे. सोय नवी नवी आली तेव्हा मी तिच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "रेहाना, मला सगळ्या कंपनीला लिहायचं चालू करून दे."

"काम सांगा, नाना."

"अगं मी बसचा सुपरवायझर हाय."

"ते नाव झालं. काम सांगा."

"बस उशिरा आली तर सांगायचं."

"कोणती बस?"

"समज आळंदीची."

"मग आळंदीची बस उशिरा आलेली निगडीवाल्यानं कशाला वाचायची? आळंदीच्या बसमध्ये बसणाऱ्यांना लिहा. निगडीची उशिरा आली की निगडीवाल्यांना लिहा. झालं की."

"आणि दोन्ही उशिरा आल्या तर?"

"तर दोनदा लिहा. बोटं झिजतायत का?"

"तुझ्या बापाच्या गॅरेजात मी चहा पाजलाय तुला!"

तिनं खण उघडला.

मी भडंग खाल्लं आणि तिथंच बसून पाऊण तास भांडलो. ती एकीकडं ऐकत होती आणि एकीकडं माझ्या फोनवर एकेका बसचा ग्रुप घालत होती. उठताना बघतो तर प्रत्येक बसचं दार वेगळं, आणि लिहिलेलं पुसायची परवानगीसुद्धा नाही. मी म्हटलं, चूक झाली तर? म्हणाली, "चूक झाली तर खाली 'चुकलो' म्हणून लिहायचं, नाना. तुम्हाला सवय नाही म्हणून मुद्दाम ठेवलंय."

असलं बोलायची. ते सुद्धा हसून नाही, भडंग चावत.

तिचं म्हणणं सरळ होतं. घराच्या पडवीत येऊ दिलं म्हणून माजघरात येऊ द्यायचं नसतं, आणि माजघरात आला म्हणून डब्यातलं खाऊ द्यायचं नसतं. ज्याला जेवढं काम तेवढंच दार. रजेवर निघालेल्या माणसाची लिहायची परवानगी ती काढून घ्यायची आणि परत आला की द्यायची. "जीभ जमा करून जा," असं प्रत्येकाला सांगायची. मोठमोठे मॅनेजर गोव्याला निघताना तिच्या खोलीत जीभ जमा करून जायचे. यंत्रांनाही तिनं परवानग्या दिल्या होत्या. मोठी प्रेस बिघडली की स्वतःच मेंटेनन्सवाल्यांना निरोप टाकायची. रेहाना म्हणायची, "सगळ्या कंपनीत ही प्रेस एकटी शहाणी. सांगायचं काही असलं तरच बोलते."

क्वालिटीच्या देशपांडेसाहेबांना मात्र वरून चिठ्ठी आणल्यामुळं सगळ्यांना लिहायची परवानगी मिळाली होती. ते ती मिरवायचे. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कंपनीचे फोन एकदम वाजले. हातातला घास टाकून माणसांनी बघितलं. देशपांडेसाहेबांचा निरोप होता: "आईला सांगू नकोस, वांगी रात्री मीच संपवली."

बायकोला पाठवायचा निरोप. तेव्हापासून क्वालिटीनं एखादा माल नापास केला की शॉपमधून आवाज यायचा, "साहेब, वांगी चांगली होती की!" साहेब लालबुंद होऊन रेहानाकडं गेले. हे पुसता येईल का म्हणाले. ती म्हणाली, "पुसते. पण लोकांच्या तोंडातून पुसायची परवानगी माझ्याकडं नाही." आणि निरोपाबरोबर त्यांचं ते मोठं दारही पुसून टाकलं. चिठ्ठी देणारानंही परत चिठ्ठी दिली न्हाई.

इथवर सगळी हसण्यावारी न्यायची गोष्ट. पण ह्या सगळ्या दारांत एक दार असं होतं की त्याचं नाव निघालं की रेहाना भडंग चावायची थांबायची.

असेंब्लीच्या लाईनवर ठेक्यावरच्या बायका असतात. कुणी मराठवाड्यातून आलेल्या, कुणी कोकणातून, खोल्या करून राहणाऱ्या. त्यांच्यासाठी एक तक्रारीचा ग्रुप होता. कुठलीही बाई त्यात लिहू शकायची, आणि लिहिलेलं वाचणाऱ्या फक्त तक्रार समितीतल्या तिघी. लिहिणारीचं नाव त्या तिघींच्या पलीकडं जायचं नाही. संडासला जायला सोडत नाहीत, अमका माणूस अंगाला घासून जातो, शिफ्ट सुटल्यावर बस थांबत नाही, असलं त्यात यायचं. बसची तक्रार आली की त्या तिघी मला नाव न सांगता झापायच्या, त्यामुळं ग्रुप चालतो हे मला पक्कं माहीत होतं. आणि हेही सगळ्यांना माहीत होतं की नाव फुटलं तर त्या बाईला दुसऱ्या दिवशी गेटवरून आत घेणार नाहीत. ठेक्याची माणसं. काढायला कागद लागत न्हाई.

त्या नावांवर रेहाना बसली होती.

आता मधेच आमच्या गावाची यात्रा सांगतो, कारण त्या यात्रेनंच पुढचं सगळं घडवलं.

आमच्या गावात दोन भावक्या, थोरली आळी आणि धाकटी आळी. मी थोरल्या आळीचा. यात्रेत देवाच्या काठीला पहिला हात थोरल्या आळीचा, पहिला नारळ धाकट्या आळीचा. हे मान कुणी ठरवले ते कुणाला माहीत नाही, पण त्यावरून कोर्टात गेलेली माणसं मी बघितली आहेत. कंपनीत दोन्ही आळ्यांची भरपूर पोरं कामाला, त्यामुळं यात्रेला कंपनी अर्धा दिवस सुट्टी देते. ही सोय आली तेव्हा आमच्या बबनदादाच्या डोक्यात शिरलं, यात्रेचा निरोप सगळ्या कंपनीला देण्याचा मान थोरल्या आळीचा. लगोलग धाकट्या आळीच्या शिवरामच्याही डोक्यात तेच शिरलं. ज्या गोष्टीला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती तिचा वंशपरंपरेनं आलेला मान दोघं मागायला लागले.

आम्ही सगळे रेहानाच्या खोलीत गेलो. एका बाजूला आमची आळी, दुसऱ्या बाजूला त्यांची, काचेबाहेर बघे.

बबनदादा म्हणाला, "म्याडम, आमाला लिहायचं चालू करा. आमचा मान हाय."

शिवराम म्हणाला, "ह्यांचा हात काठीला. त्वांड आमचं."

"काम सांगा," रेहाना म्हणाली.

"काम कसलं, मान हाय म्हनतोय न्हवं!"

ती खुर्चीतून उठली. "बबनदादा, यात्रेत आमच्या मुलाण्याच्या घरातल्या माणसानं सुरी धरल्याशिवाय तुमच्या देवाचा नैवेद्य होतो का?"

"न्हाई होत."

"शिवरामभाऊ?"

"न्हाई बा. ते कसं व्हईल?"

"म्हणजे आमचाही मान आहे. मी मागितला का त्याच्यासाठी ग्रुप?"

दोन्ही आळ्यांना ते पटलं. पण तेवढ्यावर मान सोडतील ती आमची माणसं नव्हेत. यात्रा तोंडावर आलेली, पोरं एकमेकांकडं डोळे वटारून बघतायत. शेवटी तिनं एक केलं. निरोप लिहायची परवानगी बबनदादाला दिली, आणि तो पाठवायची शिवरामला. म्हणजे एकानं लिहायचं, दुसऱ्यानं बघून 'हो' दाबायचं, तरच तो जाणार. पुढच्या वर्षी उलट. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो, आणि दोन्हीकडून आरोळ्या उठल्या.

यात्रेच्या सकाळी बबनदादानं लिहिलं, थोरल्या आळीतून काठी निघेल. शिवराम म्हणाला, नारळ कुठाय? बबनदादानं लिहिलं, नंतर धाकट्या आळीचा नारळ फुटेल. शिवराम म्हणाला, नंतर म्हणजे? नंतर कशाला लिहिलं? काढ ते. बबनदादा म्हणाला, मग काय आधी लिहू? एक काठीजवळ, एक नारळाजवळ, दोघांच्या हातात फोन, आणि मधे ढोल. इकडं काठी निघाली, गावाला वळसा घालून परत आली, नारळ फुटला, मटण शिजलं, जेवणं उठली. संध्याकाळी पान खाताना दोघांचं जमलं आणि निरोप गेला. तोवर सगळी कंपनी गावात येऊन जेवून गेली होती. ज्याला त्या निरोपाची खरी गरज होती तो एकच, एचआरचा परगावचा नवा साहेब. तो दुपारभर रिकाम्या शॉपमध्ये माणसं शोधत फिरत होता.

मी रेहानाला म्हटलं, "काय उपेग झाला तुझ्या परवानगीचा?"

"निरोप उशिरा गेला. डोकी फुटली का?"

"न्हाई."

"मग?"

पण त्या दिवसापासून ती विचारात पडली. तो विचार काय होता ते मला फार नंतर कळलं.

मग नवे प्लांट हेड आले. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. चांगले उंचेपुरे, शर्टाला एक सुरकुती नाही, आणि शॉपमध्ये फिरताना नाकाला रुमाल. आल्या आल्या त्यांनी लाईनवर फोनला बंदी केली. फोन कपाटात ठेवायचा, लाईन चालू असताना हातात दिसला तर दंड. त्याला कुणाची ना नव्हती. पण त्यांनी स्वतःबरोबर आणलेला एक लाईन सुपरवायझर होता. तो बायकांना संडासला सोडताना घड्याळ लावायचा आणि बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर वेळ ओरडून सांगायचा. महिन्याभरात त्याच्यावर समितीनं ताशेरे ओढले. म्हणजे कुणीतरी लिहिलं. कुणी लिहिलं, हे मोठ्या साहेबांना पाहिजे होतं.

ते रेहानाच्या खोलीत आले तेव्हा मी तिथंच होतो, आळंदीच्या बसवरून भांडत. त्यांनी मला बाहेर जा म्हटलं न्हाई. माझ्यासारख्याकडं ते बघायचेच नाहीत, त्याचा हा फायदा.

"तो लेडीज ग्रुप. मला वाचता आला पाहिजे."

"काम सांगा, सर."

"मी प्लांट हेड आहे."

"ती दारावरची पाटी झाली, सर. वाचून करायचं काय आहे?"

"माझ्या प्लांटमध्ये काय चाललंय ते मला कळायला हवं."

"समिती दर महिन्याला कळवते की. नाव सोडून सगळं असतं त्यात."

"मला सगळं पाहिजे."

"मग ते काम नाही, सर. ती हौस आहे."

मी आयुष्यात पुष्कळ साहेबांना उलट बोललोय, पण माझी जमीन त्यांच्या पायाखाली होती, त्या जोरावर. हिच्याकडं काय होतं? घरी दोन शिकणारी पोरं, नवऱ्याचं टायरचं दुकान, तेही चालेल तेव्हा. तिनं खण उघडला आणि डबा पुढं केला. मोठ्या साहेबांनी डब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि गेले. भडंग न खाता गेलेला तो पहिलाच माणूस. मला तेव्हाच कळलं, हे काही मिटणार न्हाई.

आठवड्यात पत्र निघालं. रेहाना मुलाणीची डिस्पॅचला बदली. सगळ्या परवानग्या तिनं नव्या माणसाच्या हातात द्यायच्या. नवा माणूस ताथवड्याहून आला, साहेबांच्या ओळखीतला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात महागातली कॉफी. रेहानानं त्याला बाजूला बसवून एकेक किल्ली दिली. काही लपवलं न्हाई, कुरकुरली न्हाई. उलट त्याला भडंग दिलं.

मला ते सहन झालं न्हाई. तिला पार्किंगमध्ये गाठलं.

"अगं, सगळं देऊन टाकलंस? मग एवढा ताठा कशापायी केलास? नावं गेली ना त्याच्या हातात!"

"मागितलं ते सगळं दिलं, नाना."

"आन् त्या बायका?"

"त्यांचं माझ्याकडं नव्हतंच. नसलेलं कसं देऊ?"

आणि तिथं स्कूटरला टेकून तिनं मला तो यात्रेनंतरचा विचार सांगितला. बबनदादा आणि शिवरामचं भांडण बघून ती घरी गेली आणि तिला वाटलं, सगळ्यांना मी कुलपं घातली, माझ्यावर कुठंय? "नाना, मी काही फार शूर बाई नाही. दोन पोरं आहेत. उद्या कुणी खोलीचं दार लावून मला म्हणालं, नोकरी पाहिजे का नावं ठेवायची, तर मी कदाचित नावं देईन. माझा माझ्यावर भरोसा नव्हता. म्हणून हातातच ठेवलं नाही."

यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी तिनं त्या ग्रुपची मालकी काढून बायकांकडं दिली होती. त्यांच्यातली एकजण, दर महिन्याला बदलणारी. नवीन कुणाला वाचायचं असेल तर त्या बाईनं आपल्या फोनवर 'हो' दाबायचं. वरच्या माणसाकडं सगळ्या किल्ल्या असल्या तरी त्या दारापुढं त्यालाही उभं राहून विचारायला लागणार. लिहिणारा एक आणि पाठवणारा दुसरा, तोच डाव. आमच्या दोन आळ्यांच्या अडाणीपणातून कंपनीत एवढं शहाणपण निघालं, ह्याचं श्रेय आजवर आमच्या गावाला कुणी दिलेलं न्हाई.

गळ्यात पट्टा घातलेल्या त्या नव्या पोराला हे दुपारपर्यंत कळलं. त्यानं मोठ्या साहेबांना सांगितलं. ग्रुप बंदच करायचा तर समितीवरच्या बाहेरच्या वकीलबाईंना आणि मुंबईच्या मुख्य ऑफिसला कारण द्यायला लागलं असतं. त्यापेक्षा एका ठेक्यावरच्या बाईकडून 'हो' दाबून घेणं सोपं. साहेब तडक लाईनवर गेले. मागून तो पोरगा, त्याच्यामागं सुपरवायझर, आणि त्यांच्यामागं मी. मला तिथं काही काम नव्हतं. पण चालायला परवानगी लागत न्हाई.

त्या महिन्याची मालकीण होती परभणीकडची मंदा. हातात मोजे, पुढं सरकणारे भाग, त्याला ती बोल्ट लावत होती.

साहेब म्हणाले, "फोन काढ. एक मेसेज आलाय, त्याला 'हो' कर."

"फोन कपाटात हाय, साहेब."

"मग आण."

"लाईन चालू असताना आणला तर दंड हाय, साहेब. तुमचीच सही हाय त्याच्यावर."

"मी सांगतोय ना."

"जागा सोडली तर बोल्ट कोण लावंल? तेचाबी दंड हाय."

मंदाच्या तोंडावर हसू न्हाई, राग न्हाई. हात चालूच. ती घाबरली होती, ते मला दिसत होतं. पण बोल्ट एकही वाकडा बसला न्हाई. बाकीच्या बायका मान वर न करता ऐकत होत्या. साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी हात वर केला आणि सुपरवायझरला म्हणाले, "लाईन थांबव."

लाईन थांबली. एवढी मोठी लाईन थांबली की शॉपमध्ये जी शांतता होते ती गावात कुणी गेल्यावरसुद्धा होत नाही. मंदा मोजे काढायला लागली, एकेक बोट सोडवून, सावकाश. बायका एकेक करून तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. लाईन थांबली की लाईनवरचं यंत्र मुंबईच्या ऑफिसला स्वतःच निरोप टाकतं, ती परवानगी रेहानानं त्याला कधीचीच दिलेली. यंत्र आपलं काम करत होतं. मुंबईहून विचारणा होती, लाईन का थांबली, कुणी थांबवली. साहेब फोन कानाला लावून म्हणाले, "छोटा इश्यू आहे, सर." पलीकडून काहीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "नाही सर, मशीनचा नाही." परत काहीतरी विचारलं. साहेबांनी आजूबाजूला बघितलं. पुढं मंदा, भोवती बायका, आणि सगळ्यांचे कान त्यांच्याकडं. खरं कारण तोंडातून निघत नव्हतं, आणि खोटं सांगावं तर एवढे साक्षीदार.

"चालू करतोय, सर. लगेच."

लाईन चालू झाली. मंदानं मोजे परत घातले. कपाट काही उघडलं न्हाई. साहेब गेले, आणि त्या ग्रुपचं नाव परत त्यांच्या तोंडी आलं न्हाई. घड्याळवाला सुपरवायझर पुढं रात्रपाळीच्या गोडाऊनला गेला. कुणी लिहिलं होतं ते मला आजही माहीत न्हाई, आणि मंदाला विचारायची माझी छाती न्हाई.

पण रेहानाची खुर्ची काही परत आली न्हाई. असल्या गोष्टीत खुर्ची परत येत नसते. बायकांनी पेढे वाटले नाहीत, भाषणं केली नाहीत. आमच्या दोन्ही आळ्या मात्र एकदाच्या एकत्र आल्या आणि म्याडमला परत बसवा म्हणून अर्ज द्यायचा ठरवला. अर्जावर पहिली सही कुणाची, ह्यावर तो अजून अडलेला आहे.

मी सुटलो कंपनीतून. नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून मध्यंतरी गेलो होतो. डिस्पॅचच्या आवारात ट्रक लागलेले, माल चढत होता. रेहाना एका लाकडी पॅलेटवर बसली होती, पाय पुढं पसरून, अंगावर धूळ. फोनवर काहीतरी लिहीत होती. एका बोटानं, मन लावून, आणि मधेच स्वतःशी हसत. डिस्पॅचला बायकांसाठी संडास नाही, पार असेंब्लीपर्यंत चालत जायला लागतं, हे मला मंदानं गेटवरच सांगितलं होतं. आणि हेही, की रेहाना आता इतर बायकांसारखी साधी कामगार झाल्यामुळं त्यांनी तिला ग्रुपमध्ये घेतलं. स्वतः बांधलेल्या त्या घरात तिचा पाय तेव्हा पहिल्यांदा पडला.

मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. चष्मा नीट केला. दोन-तीन ओळी दिसतायत असं वाटतंय तोवर तिनं न बघताच फोन छातीशी उलटा धरला.

"नाना."

"अगं मी बघत न्हवतो."

"काम सांगा."

"पत्रिका द्यायला आलोय."

"मग पत्रिका द्या आणि पुढं सरका," ती म्हणाली. "हे वाचायची परवानगी तुम्हाला नाही."

मी पत्रिका तिच्या मांडीवर ठेवली आणि पुढं सरकलो. ट्रकपाशी जाऊन एकदा मागं वळून बघितलं. ती परत खाली मान घालून लिहायला लागली होती.